रात्री काचेवर डोकं आपटणारा ‘शार्क’

पत्र : माझा मुलगा अकरावीपासून लातूरला शिकवणीला आहे. तो आठवीत असताना इथल्याच एका दुकानातून बोटाएवढे तीन ‘शार्क’ मासे आणले होते. एक मेला, उरलेले दोन वाढत वाढत दीड फुटाचे झालेत. टँक चार फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच. दोन महिन्यांपासून त्यातला मोठा मासा रात्री काचेवर डोकं आपटायलाय. थोबाड सोलून पांढरं पडलंय, कधी रक्तही दिसतं, एका डोळ्यावर पडदा आल्यासारखं झालंय. लाईट गेली-आली की जास्तच. दुकानदारानं निळं औषध दिलं, मी हळदही टाकली. दर आठवड्याला नळ आला की सगळं पाणी बदलून टँक घासून काढते. फरक नाही. सासूबाई म्हणतात, मासा घरावरची ईडापिडा अंगावर घ्यायलाय, त्याला काही करू नका. मला वाटतं, पोरगा गेल्यापासून तो खंगलाय. हे म्हणतात, येलदरीच्या धरणात नाहीतर गंगाखेडला गोदावरीत सोडून येऊ. पोराला अजून सांगितलं नाही, त्याचा अभ्यास आहे. काय करावं सुचंना.
*एक वाचक, परभणी*

ताई,

तुम्ही पाठवलेले दोन्ही फोटो मोठे करून पाहिले. जखम नाकाच्या शेंड्यावर आणि वरच्या ओठावर आहे, अंगावर बाकी कुठं चट्टे किंवा पांढरे ठिपके दिसत नाहीत. म्हणजे हा आजार आतून आलेला नाही, आपटून झालेली इजा आहे. त्यामुळं औषधाच्या बाटल्या आधी बाजूला ठेवा. आपटणं थांबलं तर एवढी जखम स्वच्छ पाण्यात बहुतेक वेळा आपोआप भरते. आपटणं चालू राहिलं तर कुठलंच औषध लागू पडणार नाही.

आता तो का आपटतो ते सांगते. तुमच्या पत्रातलं ‘लाईट गेली-आली की जास्तच’ हे वाक्य सगळ्यात महत्त्वाचं आहे.

फोटोतल्या माशाला खवले नाहीत, तोंडाजवळ छोट्या मिश्या आहेत. दुकानात ‘शार्क’ म्हणून विकला जाणारा हा मासा शार्क नव्हेच. हा पंगस, मिशीवाल्या माशांच्या कुळातला. याचं मूळ घर आग्नेय आशियातली मेकाँग नदी. हॉटेलात ‘बासा’ म्हणून जो बिनकाट्याचा तुकडा मिळतो, तो आपल्याकडे बहुतेक वेळा याच माशाचा असतो. नदीत तो थव्यानं राहतो आणि लांबच लांब पोहत जातो. त्याची नजर कमजोर, पण कान फार तिखट. या कुळातल्या माशांच्या पोटातली हवेची पिशवी बारीक हाडांच्या साखळीनं थेट कानाशी जोडलेली असते. दार आपटलं, शेजारी डीजे लागला, टँकशेजारी कूलर किंवा वॉशिंग मशीन घरघरलं, तर ती थरथर त्याला आपल्यापेक्षा कितीतरी जास्त जाणवते. आणि घाबरल्यावर त्याला एकच गोष्ट माहीत आहे : समोर सुसाट पळायचं. नदीत तेवढ्यावर जीव वाचतो. तुमच्याकडे चार फुटांवर काच आहे, ती त्याला दिसत नाही.

आता रात्रीचं चित्र डोळ्यांसमोर आणा. लाईट जाते. फिल्टरचा आवाज बंद, पाण्याचा प्रवाह बंद, खोली काळीकुट्ट. मासा तळाशी किंवा मधोमध थांबलेला असतो. तासाभरानं लाईट येते आणि एकाच क्षणात डोक्यावरची ट्यूब भक्कन पेटते, मोटर घरघरते, फिल्टरची धार पाण्यावर आपटते, पंखा, फ्रीज, टीव्ही सगळं एकदम सुरू होतं. माशांना पापण्या नसतात, डोळे मिटून घ्यायची सोय नाही. तो उसळतो आणि थेट काचेवर जातो. दोन महिने रोज एकदा-दोनदा हे होत असेल, तर थोबाड सोलणारच. जखम भरायला सुरुवात झाली की पुढची धडक तिला पुन्हा उघडी करते.

म्हणून आज संध्याकाळीच एवढं करा. टँकवरच्या दिव्याचं बटण वेगळं असेल तर ते बंदच ठेवा. एकाच बोर्डावर सगळं असेल तर इलेक्ट्रिशियनकडून वेगळं करून घ्या, म्हणजे लाईट आल्यावर दिवा आपोआप लागणार नाही. खोलीत एक लहान झिरोचा बल्ब इन्व्हर्टरवर रात्रभर राहू द्या. टँकचा दिवा लावायचा असेल तेव्हा आधी खोलीतला लावा, पाच-दहा मिनिटांनी टँकचा. बंद करताना उलट. मागची काच आणि दोन्ही बाजू गडद निळ्या किंवा काळ्या कागदानं बाहेरून झाका. यानं भिंत कुठं आहे याचा त्याला अंदाज येतो. समोरची बाजू पहिला आठवडाभर जुन्या चादरीनं झाकली तरी चालेल. पाहुण्यांच्या पोरांना काचेवर टकटक करू देऊ नका. कूलर जवळ असेल तर दुसऱ्या भिंतीला न्या.

टँकमधला किल्ला, टोकदार दगड, प्लॅस्टिकची झाडं, सगळं काढा. पळताना अंग घासायला तेवढंच पुरतं. हीटर उघडा असेल तर त्याला जाळी हवी. उन्हाळ्यात तो लागणारही नाही, काढूनच ठेवा. पाण्याची पातळी चार बोटं खाली आणा. पंगस वर येऊन तोंडानं हवाही घेतो, त्यासाठी झाकणाखाली मोकळी जागा लागते, आणि उसळला तरी डोकं झाकणावर बसत नाही.

एक गोष्ट मात्र माशाइतकीच तुमच्यासाठी सांगते. पाण्यात बुडवलेली मोटर किंवा हीटर झिरपत असेल तर पाण्यात करंट उतरतो. मासे बिथरतात ते बिथरतात, पण हात घालणाऱ्या माणसाच्याही जिवावर बेततं. जुन्या घरांतलं अर्थिंग कसं असतं ते तुम्हाला माहीत आहे. इलेक्ट्रिशियनला बोलवाल तेव्हा हेही तपासायला सांगा. तोवर टँकमध्ये हात घालण्याआधी नुसतं बटण बंद करून भागवू नका, प्लग काढा.

आता पाण्याविषयी. दर आठवड्याला सगळं पाणी बदलून टँक घासून काढता, यात तुमची माया आहे हे मला कळतं. नळाला आठवड्यानं पाणी येणाऱ्या गावात अडीचशे लिटर पाणी माशांसाठी काढणं ही साधी गोष्ट नाही. पण यातूनच त्रास वाढतोय. माशांच्या विष्ठेतून आणि कल्ल्यांतून पाण्यात अमोनिया सुटतो. फिल्टरच्या स्पंजात आणि खालच्या खड्यांवर वाढणारे जिवाणू तो खाऊन संपवतात. स्पंज नळाखाली पिळून धुतला, खडे घासले, की हे जिवाणू जातात. जे उरतात त्यांना निळ्या औषधाचा फटका बसतो. मग दोन-तीन दिवसांत अमोनिया चढतो, माशाच्या कल्ल्यांची आणि कातडीची आग होते. अशा अस्वस्थ माशाला दचकायला निमित्तच लागत नाही. आपल्याकडच्या बोअरचं पाणी क्षारी असतं, त्याचा पीएच (पाणी किती आम्ल किंवा क्षारी आहे ते सांगणारा आकडा) बहुतेक ठिकाणी सातच्या वर. पीएच सातवरून आठवर गेला की अमोनियातला विषारी भाग जवळपास दहापट होतो. उन्हाळ्यात पाणी तापल्यावर तो आणखी वाढतो आणि पाण्यातला प्राणवायू कमी होतो : वीस अंशाच्या पाण्यात लिटरला नऊ मिलिग्रॅम मावतो, तीस अंशाला साडेसातच. परभणीचा मे महिना म्हणजे खोलीतलं पाणीही तीसच्या पुढंच.

तेव्हा यापुढं दर तीन-चार दिवसांनी फक्त पाव टँक पाणी नळीनं तळातून ओढून काढायचं. स्पंज त्या काढलेल्याच पाण्यात हलका पिळायचा. नवीन पाणी आदल्या दिवशी ड्रममध्ये भरून ठेवा आणि त्यात हवेच्या पंपाला जोडलेला बुडबुड्यांचा दगड सोडा, म्हणजे तापमान खोलीइतकं होतं. पाणी टँकरचं असेल आणि टीसीएल (ब्लीचिंग) पावडरचा वास येत असेल तर दुकानात मिळणारं अँटी-क्लोरीन बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात टाकल्याशिवाय ते वापरू नका. क्लोरीन कल्ले जाळतं. अमोनिया, नायट्राइट (अमोनियापासूनच बनणारं दुसरं विष) आणि पीएच मोजायचं थेंबांचं किट एकदा आणाच. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य हवेत. शून्य नसतील तर महिनाभर पाणी बदलत राहणं हाच उपाय.

हळद थांबवा. माणसाच्या जखमेवर दाबून लावायची गोष्ट पाण्यात विरघळत नाही, तळाशी बसते आणि फिल्टर तुंबवते. त्याऐवजी खडे मीठ घ्या, आयोडीनचं नको. लिटरला एक ग्रॅम या हिशोबानं तुमच्या टँकला पाव किलो. बादलीभर पाण्यात पूर्ण विरघळवा आणि दिवसभरात तीन-चार वेळा थोडं थोडं ओता. नंतर जितकं पाणी बदलाल तितक्याच पाण्यापुरतं मीठ घाला, दर वेळी पाव किलो नव्हे. मिठाचं पाणी तुळशीला किंवा झाडांना घालू नका. बिनखवल्याच्या माशाला बरीचशी औषधं खवलेवाल्या माशापेक्षा जास्त झोंबतात, म्हणून दुकानदारानं अंदाजानं दिलेली अँटिबायोटिकची गोळी मुळीच टाकू नका. जखमेवर कापसासारखी बुरशी धरली, लाली डोक्याकडं पसरायला लागली किंवा त्यानं खाणं सोडलं, तर माशाचे फोटो आणि पाण्याची मोजणी घेऊन परभणीच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात विचारा. लातूर जिल्ह्यात उदगीरला मत्स्यविज्ञान महाविद्यालय आहे, तिथं तर हा रोजचाच विषय. डोळ्यावरचा पडदा मारानं आला असेल तर काही आठवड्यांत निवळू शकतो. नाही निवळला तरी एका डोळ्यानं मासा जगतो.

पोळीचे तुकडे आणि भात घालत असाल तर बंद करा; खाली बसणारे दाणे दिवसातून एकदा, पाच मिनिटांत संपतील एवढेच.

एवढं केलंत तर पंधरा दिवसांत धडका कमी झालेल्या दिसतील. पण ताई, इथं थांबले तर मी तुमची फसवणूक केली असं होईल. टेप घ्या आणि मोजा. मासा दीड फूट. टँकची रुंदीही दीड फूट. म्हणजे वळायचं झालं तर त्याला अंग वाकवून, नाक एका काचेला आणि शेपटी दुसऱ्या काचेला घासूनच वळावं लागतं. घाबरला नसतानाही तो दिवसभर हेच करतोय. आणि त्याची वाढ अजून संपलेली नाही. हा मासा सव्वा मीटरपर्यंत जातो, म्हणजे तुमच्या टँकएवढाच लांब. ‘मासा टँकच्या मापानंच वाढतो’ असं दुकानात छातीठोक सांगतात. ते खोटं आहे. लहान टँकमध्ये घाण पाण्यामुळं वाढ खुंटते, मणका वाकतो, मासा अर्ध्या आयुष्यात मरतो; आणि मेला की लोक म्हणतात, त्याचं तेवढंच होतं. बोटाएवढं पिल्लू विकताना हे सांगायला हवं होतं. आठवीतल्या मुलाचा यात काडीचाही दोष नाही.

मोठा टँक घ्या असं मी सांगणार नाही. या दोघांना नीट वळता यावं असा काचेचा टँक घरात मावत नाही. बायोफ्लॉकवाले, म्हणजे टाकीत दाटीनं मासे वाढवणारे, वापरतात तशी ताडपत्रीची गोल टाकी या माशाला चांगली : कोपरे नाहीत, भिंत मऊ, प्रतिबिंब नाही. पण दहा फूट व्यासाच्या टाकीत चार फूट पाणी भरायचं तर आठ-नऊ हजार लिटर लागतं. ज्या भागातल्या लातूर शहराला 2016 साली रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तिथं दोन माशांसाठी नवं आठ हजार लिटर पाणी मागायला माझी जीभ रेटत नाही. जिथं पाणी आधीच साठलेलं आहे, अशी जागा शोधू.

ती जागा धरण किंवा नदी नाही. येलदरी नको, गंगाखेडही नको, कितीही सोपं वाटलं तरी. तुमचे मालक वाईट हेतूनं म्हणत नाहीत. घरात तडफडतोय त्यापेक्षा मोकळा होईल, असंच त्यांच्या मनात असणार. पण जखमी मासा अनोळखी पाण्यात फार दिवस काढत नाही. आणि जगला तर तो परका मासा आहे, इथल्या माशांच्या खाण्यावर वाढणार, स्वतःसोबत टँकमधले रोगही नेणार. टँकमधून सुटलेल्या सकर माशानं (तोंडानं काचेला चिकटणारा तो) उजनी धरणावरच्या भोयांचं काय केलंय ते विचारा : जाळी फाटतात आणि आत निघतो तो कोणी विकत न घेणारा मासा. येलदरीवरही मासेमारीवर पोट असलेली घरं आहेत.

शेततळं मात्र चालू शकेल. तुमच्या नात्यात, ओळखीत कुणाचं तरी कागद अंथरलेलं शेततळं असेलच. अटी अशा : पावसाळ्यात ते भरून ओढ्याला वाहत नसावं, मे महिन्यात तळ दिसत नसावा, आणि त्यात आधीच कुणी मासे पाळत असलं तर उत्तम, कारण मग रोज दाणा टाकणारं माणूस असतं. आपल्याकडं पंगस पाळायला परवानगीचे नियम आहेत, म्हणून आधी जिल्ह्याच्या सहायक आयुक्त मत्स्यव्यवसाय कार्यालयात विचारून घ्या. परवानगी घेऊन पंगस पाळणारा शेतकरी जवळपास कोण आहे हेही तिथंच कळेल. हिवाळ्याचाही विचार करा. परभणीची थंडी मराठवाड्यात सगळ्यात बोचरी, आणि हा उष्ण पाण्याचा मासा. उथळ तळं डिसेंबर-जानेवारीत गारठतं. आठ-दहा फूट खोल असेल तर तळाशी त्याला निभावता येतं. नेणं उन्हाळ्याच्या तोंडाशी किंवा पावसाळ्यानंतर लगेच, जखम सुकल्यावरच.

त्या शेतकऱ्याला एक प्रश्न स्पष्ट विचारा : हे दोन मासे तुम्ही विक्रीला काढणार का? पंगस खाण्यासाठी वाढवतात, त्यात त्याचा दोष नाही. पण उत्तर तुम्हाला आणि मुलाला आधी माहीत असलेलं बरं. ‘राहू देतो तळ्यात’ म्हणणारा माणूस सापडेपर्यंत शोधायची तुमची तयारी असेल तर शोधा. मला वाटतं, असेल.

नेताना जाळीनं धरू नका. याच्या बाजूच्या परांना कडक काटा असतो, तो जाळीत अडकतो आणि हातातही घुसतो. आदल्या दिवशी खाऊ घालू नका. टँकमधलं पाणी निम्म्यावर आणा, मोठ्या टबात पाण्यासकट अलगद घ्या, तिथून झाकणाच्या ड्रममध्ये, टँकच्याच पाण्यात. बॅटरीवरचा हवेचा पंप सोबत ठेवा. हा पंप आजच आणलात तर लाईट गेल्यावर घरीही उपयोगी पडेल. एका ड्रममध्ये एकच मासा, प्रवास भल्या पहाटे. पोहोचल्यावर तळ्याचं पाणी तांब्या-तांब्यानं ड्रममध्ये घालत अर्धा तास जाऊ द्या, मग सोडा.

सासूबाईंशी वाद घालू नका. ईडापिडा मासा अंगावर घेतो ही समजूत अनेक घरांत आहे आणि ती मायेपोटीच आली आहे. त्यांना एवढंच म्हणा की त्यानं आपल्यासाठी सोसलं असेल, तर आता आपण त्याच्यासाठी काही करायची पाळी आहे. पैठणच्या नाथांनी काशीहून आणलेली गंगेची कावड वाळवंटात तडफडणाऱ्या गाढवाच्या मुखी रिती केली, ही कथा त्यांनी कीर्तनात कितीदा ऐकली असेल. गाढवाचं दुखणं हा आपल्या घरासाठीचा शकुन आहे की काय, हे नाथ बघत बसले नाहीत. समोर तहान दिसली, पाणी पाजलं. सासूबाईंना हे तुमच्यापेक्षा जास्त पटेल, आणि कदाचित शेततळंवालं माणूसही त्यांच्याच माहेरच्या गावात सापडेल.

पोरगा गेल्यामुळं मासा खंगला का, असं विचारलंत. खाऊ घालणाऱ्याची सावली आणि वेळ माशांना ओळखू येते. पोरगा जायचा तेव्हा दाण्याची वेळ बदलली, हात बदलला, याचा त्याला थोडाफार फरक पडला असेल. पण तो दुःखानं डोकं आपटत नाही. तुमच्या ओळी वाचताना मला असं वाटलं की घर रिकामं झाल्याचं तुम्हालाच जास्त लागलंय आणि ते तुम्ही माशात पाहताय. त्यात चूक काही नाही. दहावीपर्यंत डोळ्यांपुढं असलेलं लेकरू एकाएकी खोली घेऊन लातूरला राहायला लागतं, हे मराठवाड्यातल्या हजारो आयांच्या वाट्याला आलंय आणि त्याबद्दल कुणी बोलत नाही.

त्याला सांगा. आजच, फोनवर, साध्या शब्दांत : मासा जखमी आहे, टँक त्याला पुरत नाही, आम्ही हे-हे करतोय, त्याला दुसरीकडं न्यायचं ठरतंय, तुझं मत काय? अभ्यासाच्या नावाखाली लपवलंत आणि सुट्टीला आल्यावर टँक रिकामा दिसला, तर तो मासा गेल्याचं विसरेल, पण न सांगितल्याचं विसरणार नाही. शिवाय हा मासा पिल्लू असल्यापासून त्यानं पाहिलाय. कुठल्या वेळी तो बिथरायचा, काय खायचा, हे त्यालाच ठाऊक. न्यायचा दिवस त्याच्या सुट्टीला धरून ठरवा. ड्रम उचलायलाही दोन हात जास्त लागतील.

टँक विकू नका. हे दोघे गेल्यावर त्यात प्लॅटी, स्वोर्डटेल असे छोटे मासे ठेवता येतील. त्यांना आपल्याकडचं जड पाणीच मानवतं. आपल्याच देशातला पट्ट्यापट्ट्यांचा झेब्रा डॅनियोही चांगला, पूर्ण वाढला तरी दोन इंचांचा. आठ-दहांचा थवा त्या चार फुटांत वरून खालपर्यंत खेळतो. फक्त मधले दोन-तीन आठवडे टँक कोरडा पाडू नका : दोन-चार प्लॅटी लगेच आणून सोडा, म्हणजे फिल्टरमधल्या जिवाणूंना खायला राहील. मिठाचं पाणी मात्र त्याआधी दोन-तीन वेळा थोडं थोडं बदलून काढा.